वावटळ, क्रमांक ४२२

माझ्या कपाटात एक विमान आहे. हळदीच्या पिवळ्या रंगाचं, पोटावर कुंकवाचा पट्टा, पंख आखूड, शेपटीवर देवनागरीत बारीक अक्षरांत ‘वावटळ’. असं विमान जगात कधी नव्हतं. हॉकर टेम्पेस्ट मार्क टू या ब्रिटिश लढाऊ विमानाचं एकास अठ्ठेचाळीस प्रमाणातलं किट आणून मी त्याचं शर्यतीचं विमान केलं. पेटीवर वय वर्षे चौदा आणि पुढे असं लिहिलं होतं. मी बासष्टचा. चौदा महिने लागले.

मी मूळचा नाशिकचा. लहानपणी ओझरच्या कारखान्यातून चाचणीसाठी उडणाऱ्या मिगचा आवाज आला की गणिताचा तास आपोआप थांबायचा. नोकरीच्या निमित्ताने कॅलिफोर्नियात आलो आणि सॅक्रामेंटोजवळ स्थिरावलो. इथून डोंगर ओलांडून दोन तासांवर नेवाडातलं रेनो. तिथल्या स्टेड विमानतळावर दर सप्टेंबरात विमानांच्या शर्यती भरायच्या. दुसऱ्या महायुद्धातली मस्टँग, बेअरकॅट, सी फ्युरी ही विमानं तोफा काढून, पंख छाटून, खांबांना वळसे घालत जमिनीपासून पन्नास-साठ फुटांवरून पळायची. मी बरीच वर्षं डबा बांधून गेलो. या विमानाचं खूळ तिथलंच. करताना जे शिकलो ते असं.

१. आधी गोष्ट, मग करवत.

कल्पनेतलं विमान म्हणजे वाटेल ते करायची मुभा, असं मला वाटलं होतं. पहिल्या महिन्यात मी कागदावर जे काढलं त्याला दोन इंजिनं होती, उलट्या दिशेने फिरणारे दोन पंखे होते आणि शेपूट जवळपास नव्हतीच. सौ. चहा ठेवताना एकदाच बघून म्हणाली, “अहो, हे उडणार कसं?” ती मराठीची शिक्षिका होती, विमानाशी तिचा संबंध तिकिटापुरता. तरी प्रश्न बरोबर होता. खऱ्या विमानाला कुणी जाब विचारत नाही, कारण ते समोर उभं असतं. नसलेल्या विमानाला पावलोपावली जाब द्यावा लागतो.

मग मी विमान बाजूला ठेवून त्याचा जन्मदाखला लिहायला घेतला. टेम्पेस्ट मार्क टू भारतीय हवाई दलाकडे खरोखर होती. १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत ती लढली आणि पुढे व्हँपायर जेट आल्यावर निवृत्त झाली. त्यांचे सांगाडे वर्षानुवर्षं पडून राहिले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांतले काही इंग्लंडमधल्या शौकिनांनी नेले. इथपर्यंत सगळं घडलेलं. यापुढे माझी एकच थाप: त्यांतला एक सांगाडा लिलावातून कॅलिफोर्नियात आला आणि एका शेडमध्ये त्याचं शर्यतीचं विमान झालं.

थाप एकच असावी. दुसरी मारली की पहिलीही पडते. या एका थापेवर पुढचे सगळे निर्णय ठरले. पैसा बेताचा, म्हणून दोन इंजिनं नाहीत. सुटे भाग भंगारातून, म्हणून जे अमेरिकेत स्वस्त मिळत होतं तेच लागलं. काळ १९८० चं दशक, म्हणून रंगाची तऱ्हाही तेव्हाचीच.

२. पंख तोडायचे तर दोन्ही एकदम आखा.

टेम्पेस्टचा पंखविस्तार एक्केचाळीस फूट, म्हणजे किटमध्ये साधारण २६० मिलिमीटर. शर्यतीच्या विमानाला एवढे पंख नको असतात. लढाऊ विमानाला उंचावर विरळ हवेत तरंगायचं असतं, वजन घेऊन चढायचं असतं. शर्यतीत जमिनीलगत दाट हवेतून जायचं, आणि त्या वेगाला पंखाचा प्रत्येक चौरस फूट हवेशी घासून अडवणूक करतो. म्हणून टोकं छाटतात. बदल्यात विमान उतरताना फार वेगात राहतं आणि वैमानिकाची परीक्षा पाहतं.

मी प्रत्येक बाजूने वीस मिलिमीटर काढायचं ठरवलं. उजवा पंख आखला, कापला, झकास. आठ दिवसांनी डावा आखला, तेव्हा चष्मा दुसरा होता. तीन मिलिमीटर जास्त गेले. प्लॅस्टिकचा तुकडा परत चिकटवता येतो, पण टेम्पेस्टच्या पंखाची मागची कड सरळ नाही, वळणदार आहे. जोड लपेना. शेवटी उजवाही तीन मिलिमीटरने कापला. वावटळीचे पंख त्यामुळे खऱ्या मापात ठरवल्यापेक्षा एकेका बाजूने पाऊण वीत आखूड आहेत. कुणी विचारलं तर सांगतो, मालकाला वेगाची हाव होती. आणि हो, पंख आखूड झाले की मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे एलरॉनही आखूड होतात. ते नव्याने कोरायला विसरू नका. मी विसरलो होतो.

ही तोडफोड चालू असताना मन खात होतं की आपण चांगल्या विमानाचा खून करतोय. मग आठवलं की हे काम आधी खुद्द हॉकरचे रचनाकार सिडनी कॅम यांच्या कचेरीत झालेलं आहे. हरिकेन, टेम्पेस्ट आणि पुढे हंटर, तिन्ही आपल्या हवाई दलाने उडवलेली, ही याच गृहस्थांची. टेम्पेस्ट जड झालं म्हणून त्यांच्या मंडळींनी पंखाचा मधला भाग काढून टाकला, बाहेरचे दोन पंख थेट एकमेकांना जोडले, आणि त्यातून फ्युरी आणि सी फ्युरी जन्मली. रेनोला गाजलेली ड्रेडनॉट ही सी फ्युरीच. म्हणजे मी काही पाप करत नव्हतो, परंपरा चालवत होतो.

३. सुंदर रेषा बुजवायची तयारी ठेवा.

हा धडा सगळ्यात जास्त दुखला. आजकालच्या किटवर पत्र्यांच्या जोडरेषा आणि रिव्हेट इतके नाजूक असतात की भिंगाखाली धरून बसावंसं वाटतं. त्यासाठीच आपण पैसे मोजलेले असतात. आणि शर्यतीच्या विमानाच्या पंखावर नेमक्या याच रेषा नसतात. खरे मालक पंखाच्या पुढच्या भागातल्या सगळ्या फटी लांबी भरून बुजवतात आणि पंख आरशासारखा होईपर्यंत घासतात. हवेला अडायला रेघ नको.

तीन रविवार मी लांबी भरत होतो. मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “बाबा, तुम्ही ते किट खराब करताय ना?” होय, पद्धतशीरपणे.

चार तोफांची तोंडंही बंद केली. पण तोफा नुसत्या बुजवून भागत नाही, आत काय आलं हे ठरवावं लागतं. तोफा आणि दारूगोळ्याच्या रिकाम्या कप्प्यांत शर्यतीची विमानं पाणी-मिथेनॉलच्या टाक्या बसवतात. जास्त दाबाने इंजिन पिळलं की सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकतं. ते टाळायला हे मिश्रण आत फवारतात. म्हणून मी पंखाच्या वरच्या बाजूला टाकी भरायची दोन गोल झाकणं कोरली. दीड मिलिमीटरची. ती आजवर कुणाच्याही लक्षात आलेली नाहीत.

४. इंजिन बदललं तर पंख्याची दिशा बघा.

टेम्पेस्टचं इंजिन ब्रिस्टल सेंटॉरस. अठरा सिलिंडरचं, स्लीव्ह व्हॉल्व्हचं, म्हणजे नेहमीच्या झडपांऐवजी पिस्टनभोवती सरकणारी नळी. सुरेख यंत्र, पण अमेरिकेत त्याचे सुटे भाग आणि जाणकार दोन्ही दुर्मीळ. म्हणून रेनोच्या बऱ्याच सी फ्युरींनी सेंटॉरस काढून राइट आर-३३५० बसवलं. तेही अठरा सिलिंडरचं, स्कायरेडर विमानात असायचं तेच. ड्रेडनॉटने तर अठ्ठावीस सिलिंडरचं प्रॅट अँड व्हिटनी आर-४३६० घेतलं आणि १९८३ ची शर्यत मारली. माझ्या गरीब मालकाला आर-३३५० परवडलं असतं. अर्धवट पडलेल्या एका स्कायरेडरच्या किटमधून मी इंजिन उचललं, बसवलं, पुढे टेम्पेस्टचाच चार पात्यांचा पंखा लावला आणि छाती फुगवून इथल्या आमच्या मॉडेलवाल्यांच्या बैठकीत नेलं.

एक आजोबा आले. ऐंशीच्या घरातले, पूर्वी विमान दुरुस्तीत होते. अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाले, हे मागे उडतं का?

सेंटॉरसचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, अमेरिकी इंजिनांचा घड्याळाप्रमाणे. पात्यांचा पीळ त्यानुसार असतो. मी इंजिन अमेरिकी लावलं आणि पंखा ब्रिटिश ठेवला. ते फिरलं असतं तर हवा पुढे फेकली असती. उड्डाणाच्या वेळी विमान कुठल्या बाजूला ओढ घेतं तेही बदलतं, म्हणजे वैमानिकाचा पाय दुसऱ्या पेडलवर. घरी येऊन स्कायरेडरचाच पंखा लावला. त्याचा व्यास पंखांच्या मानाने थोरला दिसतो, पण भंगारातून बांधलेल्या विमानाला तसं शोभतं.

आजोबांचे मी मनापासून आभार मानले. त्या रात्री मात्र जेवण गेलं नाही.

५. लांबी पूर्ण सुकू द्या. सुकली असं वाटल्यावर आणखी दोन दिवस थांबा. मी थांबलो नाही. रंगाखाली ती बसली, आणि डाव्या पंखावर आजही तिरपा उजेड पडला की पुसटसा खळगा दिसतो.

६. डोळे शेवटी, आणि जाणत्या हातांनी.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम कितीही जणांनी केलं तरी डोळ्यांची आखणी मुरलेला कारागीरच करतो. विमानाचा डोळा म्हणजे वैमानिकावरची काच. टेम्पेस्टची मूळ काच मोठी, फुग्यासारखी, चहूकडचा शत्रू दिसावा म्हणून. शर्यतीत पुढचा खांब आणि शेजारचं विमान दिसलं तरी पुरे, म्हणून तिथे एवढीशी घुमटी बसवतात, वैमानिकाचं डोकं जेमतेम मावेल अशी.

बाजारात ती मिळत नाही, करावी लागते. लाकडाचा साचा कोरला, पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पत्रा गॅसच्या मंद आचेवर पापडासारखा मऊ होईपर्यंत धरला आणि साच्यावर ओढला. पहिले अकरा वाया गेले. बारावा जमला, तो मी झटपट गोंदाने चिकटवला. सकाळी पाहतो तर आतून धुरकट पांढरा. झटपट गोंदाच्या वाफेने काच अशी आंधळी होते हे मला वाचून माहीत होतं. माहीत असूनही केलं. सतरावी काच लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवली आहे.

प्लॅस्टिक तापवताना घरात कुणी नसेल अशी वेळ निवडा. जळक्या प्लॅस्टिकच्या वासाचं स्पष्टीकरण गोड शब्दांत देता येत नाही.

७. मॅट रंग पोटात घालतो, चकचकीत चव्हाट्यावर आणतो.

लढाऊ विमानं बनवणाऱ्यांना मळकट रंगाची सवय असते. हिरवा-करडा रंग, वर थोडी धूळ, काजळी, की जोडाच्या चुका दिसेनाशा होतात. शर्यतीचं विमान मोटारीसारखं चमकतं. एक केस अडकला तरी तो दोरखंडासारखा दिसतो. मी नाशिकला शाळेत जाताना वाटेत एक डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. तिथला माणूस प्रायमर मारून झाल्यावर डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरवायचा. ते आता कळलं. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना सापडतं.

पिवळा रंग त्यातही हट्टी, खालचं सगळं वर दाखवतो. त्याच्याखाली आधी फिकट गुलाबी हात मारला तर तो ऊबदार आणि एकसारखा बसतो. सौ.ने ते गुलाबी विमान पाहिलं आणि “असंच राहू द्या” म्हणाली. मोहात पडलो होतो.

८. आकडा पंचाला वाचता आला पाहिजे.

पहिल्यांदा मी ७७ टाकला, दिसायला छान म्हणून. मग लक्षात आलं, ७७ हा रेअर बेअरचा. त्या बेअरकॅटने १९८९ साली ताशी ५२८ मैलांचा, म्हणजे ८५० किलोमीटरचा विक्रम केला होता. हा म्हणजे दहा नंबर घालून गल्लीत क्रिकेट खेळण्यासारखा प्रकार. मग नाशिकच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे आठवले: ४२२.

तो देवनागरीत लिहायचा माझा आग्रह होता. पण खांबाखाली उभा असलेला पंच नेवाडाचा. विमान खांबाच्या आतून गेलं तर त्याला आकडा वाचून दंड लावायचा असतो. त्याला ४ आणि २ कसे कळावेत? आकडे इंग्रजी वळणाचे केले, नाव देवनागरीत ठेवलं.

जागाही विचार करून ठरवावी. रेनोत सगळी वळणं डावीकडे. डावीकडे कललेल्या विमानाची पाठ वळणाच्या आतल्या बाजूला वळते, म्हणून खांबापाशी उभ्या माणसाला पंखाची वरची बाजू दिसते, आणि बाहेर बसलेल्या प्रेक्षकांना विमानाची उजवी कूस. मी मालकाच्या कल्पित गॅरेजचं नाव मोठ्या हौसेने डावीकडे रंगवून बसलो होतो. तिकीट काढून आलेल्यांना ते कधी दिसलंच नसतं.

९. हा धडा किटचा नाही.

१६ सप्टेंबर २०११ रोजी रेनोत गॅलपिंग घोस्ट नावाचं मस्टँग प्रेक्षकांजवळ कोसळलं. वैमानिकासह अकरा जण गेले. त्या वर्षी आम्ही गेलो नव्हतो, एका लग्नाला होतो. ते विमान माझ्या वावटळीसारखंच होतं: पंख छाटलेले, लहानशी काच. वर त्याचं पोटाखालचं हवेचं तोंडही काढून टाकलेलं. चौकशीत निघालं की शेपटीवरच्या ट्रिम टॅबचे, म्हणजे तोल साधणाऱ्या छोट्या हलत्या पट्टीचे, स्क्रू सैल झाले होते, जुन्या लॉकनटांची पकड गेली होती, आणि विमानात केलेल्या बदलांची त्या वेगाला पुरेशी चाचणी झालेली नव्हती.

मी तो अहवाल वावटळीची शेपूट करताना वाचला. माझ्या चुकीच्या कापाची किंमत तीन मिलिमीटर. त्या संध्याकाळी काम थांबवलं, आणि ट्रिम टॅबच्या बिजागऱ्या पुढल्या आठवड्यात एकेक मोजून कोरल्या. इतक्या लहान प्रमाणात त्या दिसत नाहीत. कोरल्या तरी.

१०. विमानाला हरवा.

नवखा माणूस आपलं कल्पित विमान विजेतं करतो. चषक, विक्रम, सगळं. ते पाहणाऱ्याला पटत नाही. वावटळ माझ्या हिशेबात कधीच सोन्याची शर्यत जिंकली नाही. एकदा चांदीच्या गटात तिसरी आली, एकदा पाचव्या फेरीत सिलिंडर फुटून धूर सोडत उतरली. म्हणून पोटाच्या कुंकवाच्या पट्ट्यावर उजवीकडून मागे गेलेला तेलाचा तपकिरी ओघळ आहे. तो रंगवायला दहा मिनिटं लागली आणि चौदा महिन्यांत त्याच एका ठिकाणी माझा हात थरथरला नाही. प्रदर्शनात लोक तिथेच वाकून बघतात.

११. उशीर करू नका.

रेनोची शेवटची शर्यत १७ सप्टेंबर २०२३ ला होती. दुसऱ्या दिवशी हरतालिका, म्हणून सौ. घरीच थांबली आणि मी एकटा गेलो. वावटळ पेटीत घालून नेली होती, धावपट्टीच्या पार्श्वभूमीवर फोटो काढायला. पण काढलाच नाही. त्या दुपारी दोन टी-६ विमानं शर्यत संपवून उतरताना एकमेकांवर आदळली, दोन्ही वैमानिक गेले, आणि पुढचं सगळं रद्द झालं. लोक गप्पपणे गाड्यांकडे चालत होते. मीही पेटी न उघडता परत आलो. १९६४ पासून रेनोत चाललेल्या या शर्यती तिथे संपल्या, आता त्या न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला गेल्या आहेत.

त्यानंतर महिनाभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, इंग्लंडमधल्या सायवेल विमानतळावरून एक खरं टेम्पेस्ट मार्क टू अनेक दशकांनी पुन्हा उडालं. कधीकाळी भारताला विकलेलं, भारतातून परत नेलेलं. पंख पूर्ण लांबीचे, पंखा मूळ दिशेने फिरणारा.